प्रति: गोव्याच्या जनमत कौलाचं नाणं रिझर्व्ह बँक का काढत नाही?

अहो, इथे एक गल्लत होतेय. नाणी काढायचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा नाहीच. २०११च्या नाणे कायद्याने तो केंद्र सरकारचा आहे. अर्थखातं राजपत्रात अधिसूचना काढतं, सरकारी टांकसाळ पाडते, आणि बँक फक्त चलनातली नाणी वाटते. त्यामुळे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या कौलाचं नाणं हवं तर अर्ज मुंबईच्या नव्हे, दिल्लीच्या दारात.

अमेरिकेत प्रत्येक स्मारक नाण्यासाठी संसदेत कायदा करावा लागतो, आणि १९९९पासून वर्षाला दोनच विषय. आपल्याकडे अशी मर्यादा नाही. १९६४ला नेहरूंपासून सुरुवात झाली, आता शंभर-पाऊणशे रुपयांचीही निघतात. २०२३चं नव्या संसदेचं ७५ रुपयांचं ३५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी. ते बाजारात खर्चायचं नसतंच! संग्राहकाने जादा पैसे मोजून घ्यायचं. म्हणूनच मला वाटतं, विषय मोठा की छोटा यापेक्षा त्यामागे कोण उभं आहे, यावर जास्त ठरतं.

नाहीतर आमच्या गणितज्ञ-इतिहासकार दा. ध. कोसंबींचं बघा. गोव्यातल्या कोसबेंत जन्मलेला माणूस, जुनी आहत (ठसे मारून घडवलेली) नाणी तागडीत तोलून झिजेवरून काळ काढणारा. त्यांच्यावर २००८ला टपाल तिकीट निघालं. नाण्यांच्या अभ्यासकाला तिकीट, काय म्हणावं!

माझ्या खणात गोव्यातल्या पोर्तुगीज काळातलं ६ इश्कूदांचं (इश्कूद म्हणजे पोर्तुगीज चलन) नाणं आहे. सहाच का? तिथल्या आधीच्या चलनाच्या, म्हणजे एका रुपियाचे सहा इश्कूद धरले होते, म्हणून.