रॉकरला बाहेरून ऑइलची नळी: इलाज की नवं दुखणं?

धागाकर्ता: जुन्या पुशरॉड इंजिनात (जिथे खालचा कॅम लांब काड्यांनी वरचे व्हॉल्व्ह हलवतो) रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफा, वाजायला लागले की एक सल्ला हमखास मिळतो: बाहेरून नळी टाका. ट्रायम्फ मोटारींच्या सहा सिलिंडर इंजिनांवर तर हे किट सर्रास बसवतात. ब्लॉकच्या मुख्य गॅलरीतून (ऑइलच्या मोठ्या वाटेतून) ऑइल काढायचं आणि थेट रॉकर शाफ्टला, म्हणजे रॉकर ज्यावर डुलतात त्या दांड्याला, द्यायचं. माझा याला ठाम विरोध आहे.

रॉकरचं एक टोक व्हॉल्व्हची स्प्रिंग वर रेटते, दुसरं पुशरॉड. दोन्ही जोरांची बेरीज शाफ्टवर येते. रेशो (रॉकरच्या दोन बाजूंच्या लांबीचं प्रमाण) १.५ आणि व्हॉल्व्हकडे १०० किलोचा जोर धरला, तर पुशरॉडकडे १५० आणि शाफ्टवर २५०! तोही फक्त खालच्या बाजूला, कारण रॉकर शाफ्टला खालून वर दाबतो. शाफ्ट काढून खालून नख फिरवा, प्रत्येक रॉकरच्या जागी पायरी लागेल. वरची बाजू गुळगुळीत असते. अशा झिजलेल्या शाफ्टला जास्त ऑइल दिलं की ते फटीतून निसटतं, हेडमध्ये साचतं, व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीच्या गाइडमधून उतरून जळतं. शिवाय बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगच्या) वाट्याचं ऑइल कमी होतं ते वेगळंच. शाफ्ट आणि रॉकरमधले बुश नवे टाका, खर्च तिथे करा.

वायब्लॉकवाला: इतकं सरसकट नको. १९५४ साली आलेलं फोर्डचं वाय-ब्लॉक व्ही-८ इंजिन घ्या. त्यात रॉकरचं ऑइल कॅमच्या मधल्या बेअरिंगमधून वर जातं. तिथे झीज झाली किंवा गाळ बसला की वर थेंब पोचत नाही. तुमचा नवा कोरा शाफ्टही कोरडाच घासणार! पूर्ण इंजिन उघडायचं नसेल तर नळीशिवाय मार्ग कोणता? आणि जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम, कडक स्प्रिंगा टाकल्यावर ऑइलची मूळ भोकं पुरतीलच, हे कशावरून?

धागाकर्ता: वाय-ब्लॉकचं मान्य. पण तिथे वाट बुजलेली आहे, म्हणजे दोष वाटेचा. त्याच फोर्डच्या एफई इंजिनात रेसवाले नेमकं उलट करतात: हेडकडे जाणाऱ्या वाटेत बारीक भोकाचा जेट बसवून वरचं ऑइल कमी करतात, कारण खाली बेअरिंगला ते जास्त गरजेचं असतं.

वायब्लॉकवाला: मग नळीतही तसाच जेट टाका की! सरळ मोकळी नळी जोडणारे चुकतात, म्हणून नळीच वाईट कशी?

गॅरेजकर: दोघांनीही एक गोष्ट सोडली. शाफ्ट उलटा बसवला तर ऑइलची भोकं वर येतात आणि भाराची खालची बाजू कोरडी राहते. कित्येक इंजिनांत शाफ्टच्या टोकाला खूण असते ती याचसाठी, आणि घाईत नेमकी तीच बघायची राहते. नवीन शाफ्ट लवकर गेला की लोक ऑइल पंपाला दोष देतात.

सुईबेअरिंगवर डुलणाऱ्या रोलर रॉकरबद्दलही सांगतो. सुईबेअरिंगला उडतं ऑइल पुरतं, हे खरं. पण एखादी सुई तुटली तर तुकडे थेट संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या टाकीत) जातात. रोज चालवायच्या गाडीला मी ब्राँझ बुशच टाकेन. ॲल्युमिनियमचे रॉकर हलके असतात, पण थकून तडकतात. रस्त्यावर स्टीलच बरं.

वायब्लॉकवाला: भोकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. तरी नळीवर मी ठाम आहे. इंजिन गरम करा, कव्हर काढा, आयडलवर एकेका रॉकरकडे बघा. शेवटच्या रॉकरवर ऑइल ओघळत असेल तर नळी नको. तो कोरडा दिसला तर?

धागाकर्ता: तर आधी वाट साफ करा, मग पुन्हा बघा.