जुलैत आंबोली-शिरोडा शूट: भाड्याचे लाइट्स कसे वाचवायचे?

कंदीलवाला: मंडळी, लघुपटाचं चार दिवसांचं शूट आहे. दोन दिवस आंबोली घाट, दोन दिवस शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर. बजेट यथातथाच. ६०० वॉटचे दोन एलईडी, १.२ किलोवॉटचा एक एचएमआय (प्रखर, खूप तापणारा दिवा), चार ट्यूब, सगळं भाड्याचं. मागच्या पावसाळ्यात एलईडीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली, तर वीस मिनिटांत बंद पडला. यंदा काय करू?

घाटमाथा: पिशवीनेच मारला तो. मागचा पंखा हवा ओढतो, ती कोंडली की दिवा तापून बंद होतो. लाइटला रेनकोट नको, छप्पर द्या. सी-स्टँडवर (सेटवरच्या उभ्या लोखंडी स्टँडवर) ताडपत्री, दिव्याच्या हातभर वर, उतार मागच्या बाजूला. नाहीतर साचलेलं पाणी ऐन टेकमध्ये कुणाच्या तरी डोक्यावर! आंबोलीत पाऊस आडवाही येतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला एक पडदा हवाच. एचएमआयला जास्त जपा. तापलेल्या काचेवर गार थेंब पडले की तडा जातो. आणि तडा गेला की तो दिवा लावायचाच नाही, अतिनील किरण तीच काच अडवते. बॅलास्ट, म्हणजे एचएमआयला वीज देणारी पेटी, ॲपल बॉक्सवर (लाकडी खोक्यावर) ठेवा.

फेज_न्यूट्रल: लाइट्सचं राहू द्या, आधी माणसं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. जनरेटरचं न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलं आहे ना, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, नाहीतर आरसीसीबी नुसता शोभेचा. ट्रिप होतोय म्हणून कुणी बायपास करायला निघालं तर शूट थांबवा. वायरीचे जोड जमिनीवर नकोत. जोडाच्या अलीकडे वायरीला झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळतं, जोडात शिरत नाही.

कंदीलवाला: झोळ भारी! ट्यूबवर आयपी ६५ लिहिलंय, त्यांना काही नको ना?

फेज_न्यूट्रल: ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याची धार झेलते. पण चार्जिंगचं रबरी झाकण उघडं राहिलं तर सगळं फुकट. आणि ती चाचणी गोड्या पाण्याची.

खाजणकाठ: तेच सांगायला आले. वेळागरला पाऊस नसला तरी खारा वारा असतोच. रोज रात्री गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. स्टँडच्या पायांखाली फळ्या घाला. लॉकच्या आट्यांत वाळू गेली की करकरतं आणि मग फिरतच नाही. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढची प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) म्हणजे शीडच, वारा सुटला की आधी तो उतरवा. तारखा अमावास्या-पौर्णिमेला लागून असतील तर उधाण बघून जागा धरा.

आणि लाइट्स एसी खोलीत ठेवू नका. गार झालेला दिवा सकाळी दमट हवेत उघडला की आत दव धरतं. आमचा एक पॅनल पावसात टिकला आणि असा गेला. ठेवलेच, तर बाहेर आणल्यावर तासभर पेट्या बंदच ठेवा. पॅकअपला ओलं सामान मात्र पेटीत कोंबू नका.

कंदीलवाला: एसीच्या दोनच खोल्या आहेत, त्यातली एक लाइट्सना ठेवली होती. रद्द.

घाटमाथा: ती स्पॉटदादांना (सेटवर चहापाणी बघणाऱ्यांना) द्या. लाइट्सना पंख्याची खोली पुरे.