नैसर्गिक कशाला म्हणायचे?

वनस्पतिजन्य मांस, म्हणजे वनस्पतींपासून केलेला मांसासारखा पदार्थ, नैसर्गिक; आणि प्राण्याच्या पेशी वाढवून केलेले प्रयोगशाळेतले मांस म्हणजे 'रसायन', म्हणून कृत्रिम, अशी विभागणी काही जण करतात. ती मला पटत नाही. ठाण्यातल्या वाणसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळणारे सोयाचे गोळेसुद्धा, तेल काढून उरलेल्या सोयापिठाला उष्णता आणि दाब देऊन, यंत्रातून दाबूनच तयार होतात. तरी आपण ते वर्षानुवर्षे निमूटपणे पुलावात घालतो आहोत.

उलट, २०१३ साली लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी सादर केलेला बर्गर गायीच्या खऱ्या पेशींपासूनच वाढवलेला होता. मात्र त्या पेशींच्या वाढीसाठी गर्भातील वासराच्या रक्तातून काढलेला द्रव वापरला गेला होता, आणि शाकाहारी मंडळींचा खरा आक्षेप तिथे असायला हवा, 'रसायन' या शब्दाला नव्हे. सिंगापूरने २०२० मध्ये कोंबडीच्या पेशींपासून अशाच प्रकारे वाढवलेल्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, तर इटलीने २०२३ मध्ये अशा मांसावर बंदीचा कायदा केला.

आमच्या शेजारच्या कोळीणकाकूंना सुक्या बोंबलाऐवजी यातले काहीही चालणार नाही, हे मान्य. पण वाशीच्या बाजारातला कच्चा फणस आपण मटणाच्याच मसाल्यात शिजवतो. त्यात प्रथिने फारच कमी, तरी त्याला नकली कोणी म्हणत नाही.