मदत हवी आहे : भुसावळजवळच्या जुन्या मेथडिस्ट चर्चची माहिती

नमस्कार मंडळी. भुसावळजवळच्या आमच्या गावातल्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) चर्चच्या इमारतीचा इतिहास लिहायला घेतलाय. छताची दुरुस्ती निघाली आहे, त्याआधी जुन्या खुणा नोंदवून ठेवायच्या आहेत. दाराच्या डाव्या अंगाला काळ्या दगडाची कोनशिला आहे, पण तिच्यावर चुन्याचे इतके हात बसलेत की बोट फिरवलं तर फक्त '१८' लागतं, पुढचे आकडे बुजलेत. ती घासायची माझी हिंमत होत नाही. दगडाला धक्का न लावता चुना कसा काढतात, कुणी सांगेल का?

अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले आणि मेथडिस्ट काम रेल्वेच्या गावांतून पसरलं. म्हणून मला वाटतं, सुरुवातीची उपासना रेल्वेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी असावी, मराठी मंडळी (चर्चचा उपासक-समुदाय) नंतर उभी राहिली असावी. पण पुरावा हवा. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, त्यामुळे त्याआधीची जमिनीची कागदपत्रं जळगावला शोधावीत की धुळ्याला?

जुनी बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची रजिस्टरं कुणी पाहिली आहेत का? आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो या चर्चच्या पायऱ्यांवरचा असेल, तर तोही चालेल. मागे दिसणारी भिंत, खिडकी, घंटा, सगळंच कामाचं आहे. मूळ प्रत नको, मोबाईलवर काढलेला फोटो पुरे.