कॅटापल्ट नाही, मग वेग कुठून?

प्रश्न असा, की आपल्या विमानवाहू जहाजांवर कॅटापल्ट (विमानाला झटक्यात पुढे ओढून वेग देणारं यंत्र) नसताना जेमतेम दोनशे मीटरमध्ये मिग-२९के हे लढाऊ विमान उड्डाणाचा वेग गाठतं कसं? खरं तर गाठतच नाही! डेकच्या पुढच्या टोकाला वर वळलेला चढ असतो, तो रॅम्प. त्याचं टोक सोडताना वेग कमीच असतो. विक्रमादित्य असो वा नवी विक्रांत, हा साधारण १४ अंशांचा चढ विमानाला वर फेकतो आणि त्या फेकीत मिळालेल्या काही सेकंदांत इंजिनं उरलेला वेग भरून काढतात. त्याआधी डेकमधून वर आलेले अडसर चाकं धरून ठेवतात. आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारा भाग) पूर्ण पेटला की सोडतात. जहाजही वाऱ्याच्या तोंडावर जोरात हाकतात, तेवढाच पंखांना आधार.

किंमत मोजावी लागतेच. पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं एकदम नेणं कठीण. हॉकआयसारखं जड टेहळणी विमान तर इथे बसतच नाही, म्हणून आपण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांवर भागवतो. (ही मला खरी उणीव वाटते.)

गंमत म्हणजे जुन्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता. सी हॅरियर लढाऊ विमानं आल्यावर तो काढून रॅम्प बसवला. सरावाचा रॅम्प गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर आहे. नौदलाचं तेजस लढाऊ विमान रॅम्पवरून पहिल्यांदा डिसेंबर २०१४मध्ये तिथूनच झेपावलं, विक्रमादित्यवरून थेट जानेवारी २०२०मध्ये.