सुपरमार्केटमधले स्वस्त चिकन घेण्यासारखे असते का? आपापले अनुभव लिहा

काल संध्याकाळी कढईत चिकनचे तुकडे परतायला टाकले आणि पाच मिनिटांतच ते स्वतःच्या पाण्यात उकळू लागले. कडेने पांढरट फेस जमलेला पाहिला आणि मला वीस वर्षांपूर्वीची भाड्याची खोली आठवली. आम्ही तिघी मैत्रिणी महिनाअखेरीस सुपरमार्केटच्या फ्रीजमधले सर्वांत स्वस्त पाकीट आणायचो, सुटलेले पाणी कपात ओतून मोजायचो आणि ज्या मुलीचा अंदाज सर्वांत चुकेल तिच्यावर त्या रात्रीची भांडी पडायची. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. आज आहे, तरीही काल हात सवयीने त्याच पाकिटाकडे गेला. म्हणून विचारते, की तुम्ही हे चिकन घेता का, आणि घेत असाल तर ते खरोखर स्वस्त पडते का?

* * *

ताई, मी हा हिशेब एकदा वजनकाट्यावर करून पाहिला आहे, कारण आमच्या घरी त्यावरून रोज वाद व्हायचा. स्वस्त पाकिटातले एक किलो बिनहाडाचे ब्रेस्ट आणि दीडपट किमतीचे, पाणी न घातलेले एक किलो ब्रेस्ट मी एकाच ओव्हनमध्ये, सारखाच वेळ भाजले. पहिले ६२० ग्रॅम उरले आणि दुसरे ७५०. शिजलेल्या वजनावर भागाकार केला, तेव्हा दीडपट वाटणारे महाग चिकन प्रत्यक्षात सव्वापटच महाग निघाले. म्हणजे स्वस्त ते स्वस्तच राहिले, पण बचत पाकिटावर दिसते तिच्या निम्मीच होती. वाद मात्र मिटला नाही, कारण दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटले.

* * *

भांड्यांची पाळी ठरवण्याची ही पद्धत आमच्या घरी आजपासून लागू करत आहे. मुलांना अजून सांगितलेले नाही.

* * *

हे पाणी येते कुठून, हेही पाहायला हवे. कापलेल्या कोंबड्या थंड करताना काही ठिकाणी गार हवा वापरतात आणि काही ठिकाणी बर्फाळ पाण्याचे हौद. हौदातली कोंबडी थोडे पाणी शोषून घेते. त्याशिवाय काही पाकिटांतल्या मांसात मिठाचे पाणी सुयांनी टोचून भरलेले असते, आणि गोठवलेल्या मांसात बर्फाचे स्फटिक तंतू फाडतात, त्यामुळे ते वितळताना आणखी रस गळतो. कढईतला पांढरा फेस मात्र घाण नव्हे; ती पाण्याबरोबर बाहेर येऊन आचेने घट्ट झालेली प्रथिने असतात.

मी आता पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचतो. चिकनच्या पाकिटात चिकनच असावे. पाणी, मीठ आणि पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट अशी रांग दिसली की मी ते परत ठेवतो. एकदा न वाचता आणले, नेहमीप्रमाणे मीठ लावून रात्रभर मुरवले, आणि दुसऱ्या दिवशी एकही घास कोणाच्या घशाखाली उतरला नाही.

* * *

मी तीन वर्षे ब्रॉयलरच्या शेडवर काम केले आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो, सांभाळून घ्यावे. पिल्लू हातात येते तेव्हा चाळीसेक ग्रॅमचे असते आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. लोकांना वाटते की त्याला हार्मोनची इंजेक्शने देतात. एका शेडमध्ये हजारो पक्षी असतात. एकेकाला धरून सुई कोण टोचणार? ही वाढ निवडक पैदाशीची आणि खाद्याची आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांना एकसारखेच खाद्य देऊन वाढवले होते. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे सुमारे ९०० ग्रॅम, १.८ किलो आणि ४.२ किलो भरली. चिकन स्वस्त झाले ते यामुळे. शेवटच्या आठवड्यात मात्र काही पक्षी दोन पावले टाकून बसायचे, आणि ते पाहिल्यावर मला जेवताना काही दिवस जड जायचे. तरीही मी चिकन खातो, हे कबूल करतो.

* * *

वरच्या दादांनी वाढीचे सांगितले, त्याचाच दुसरा भाग माझ्या ताटात आला होता. घरी आठ पाहुणे होते आणि मी चांगले जाडजूड ब्रेस्ट पाहून घेतले होते. शिजल्यावर काही तुकडे मऊ निघाले आणि काही असे, की दाताखाली रबर करकरावे. माझेच काही चुकले असे समजून मी बराच वेळ ओशाळून बसले होते. नंतर कळले, की भरभर वाढलेल्या मोठ्या पक्ष्यांच्या छातीचा स्नायू कधी कधी लाकडासारखा टणक होतो. ते मांस खायला अपायकारक नसते, पण शिजवून मऊही होत नाही. आता मी पाकिटावरूनच बोटाने दाबून पाहते. फुगीर, कडक आणि पांढऱ्या समांतर रेषा असलेला तुकडा मी घेत नाही. त्याऐवजी मांड्या घेते. त्या स्वस्तही असतात आणि पाच-दहा मिनिटे जास्त शिजल्या तरी कोरड्या पडत नाहीत.

* * *

मांड्यांवरून आठवले. लग्नानंतर पहिल्यांदा मी स्वस्तातल्या गोठवलेल्या तंगड्या शिजवल्या, तेव्हा हाडाजवळचे मांस काळपट-लाल दिसले आणि सासूबाईंनी ‘कच्चे आहे’ म्हणून ताट बाजूला सारले. मी पुन्हा शिजवले, तरी रंग तसाच राहिला. पुढे समजले, की कोवळ्या पक्ष्याची हाडे पुरती टणक झालेली नसतात आणि गोठवल्यावर आतल्या मगजाचा रंग मांसात झिरपतो. त्यामुळे रंगावर विसंबण्यापेक्षा तापमान मोजावे. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस आले की मांस शिजले. मी थर्मामीटर आणला. सासूबाईंचा त्यावरही विश्वास नव्हता, पण ‘आकडा किती आला?’ असे त्याच विचारू लागल्या.

* * *

पाकीट उघडल्यावर येणाऱ्या वासाबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? आम्ही दोन वेळा चांगले चिकन फेकून दिले आहे. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात वास कोंडतो. ताटात पाच-दहा मिनिटे उघडे ठेवल्यावर तो गेला तर काळजी नसते. वास तसाच राहिला आणि हाताला बुळबुळीत लागले, तर मात्र ते फेकावे, मग ते स्वस्त असो की महाग.

* * *

एवढे वाचून विचारतो : सगळेजण चिकन नळाखाली धुता ना?

* * *

नाही, दादा, आणि तुम्हीही धुऊ नका. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर किंवा साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि नळाच्या धारेने तो सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतो. तो शिजवल्याने मरतो, धुतल्याने जात नाही. मी कागदाने टिपून घेते. त्याने तुकडे परततानाही कमी पाणी सोडतात. किंमत कितीही दिली तरी हा धोका तोच असतो.

* * *

मी स्वस्त चिकन घेणे बंद केले आहे, आणि कारण चवीचे नाही. एकदा पाकिटातल्या तंगडीच्या सांध्यावर तपकिरी, खरबरीत डाग दिसला. तो शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या भुशातल्या अमोनियाने पडतो, कारण पक्षी त्यात बराच वेळ बसून असतो, हे मागाहून वाचले. तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदाच, सावकाश वाढलेल्या जातीचे चिकन आणतो. ते परवडते, कारण उरलेले दिवस आणतच नाही.

* * *

ताई, तुमचे म्हणणे मला पटते, पण माझ्या घरी दोन वाढती मुले आहेत आणि पगार एकाचा आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा हे उत्तर मला परवडणारे नाही. मी स्वस्तातले तुकडे सोडून स्वस्तातली अख्खी कोंबडी घेऊ लागले आहे. किलोमागे तुकड्यांपेक्षा ती कमी किमतीत मिळते, कारण कापण्याची मजुरी आपणच करतो. पहिल्यांदा कापायला मला पाऊण तास लागला आणि एक मांडी विचित्रच निघाली. आता दहा मिनिटे पुरतात, कारण सुरी हाडावर न चालवता सांधा उलटा वाकवला की तो आपणहून उघडतो. ब्रेस्ट एका दिवशी, मांड्या दुसऱ्या दिवशी आणि पाठीचा सापळा, पंख व मान यांचे पाणी तिसऱ्या दिवशी, असे तीन दिवस निघतात.

* * *

धागा काढणारी मीच पुन्हा लिहिते आहे. काल उरलेले पाकीट आज घटकांची यादी वाचण्यासाठी उलटे केले. पाणी, मीठ आणि फॉस्फेट, तिन्ही आहेत. त्यामुळे आज मीठ न घालता, आधी कागदाने टिपून, मोठ्या आचेवर थोडे थोडे करून परतले. तरीही पाऊण कप पाणी सुटले. माझा अंदाज अर्ध्या कपाचा होता, म्हणून भांडी मीच घासणार आहे. अख्ख्या कोंबडीवाल्या ताई, सांधा वाकवण्याआधी कातडी कापायची की नंतर, तेवढे सांगून ठेवा.