दिनविशेषाचा फळा: एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा, कुठली लिहायची?

दारातला_फळा

नमस्कार मंडळी. सार्वजनिक वाचनालयाच्या दारातला चार बाय तीन फुटांचा फळा रोज लिहायचा आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाकायचा, असं काम आहे. वाचणारे पाचवीच्या मुलांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे.

शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींत) वार शुक्रवार आहे, पण फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेला मंगळवार दिसतो. राज्याभिषेक ६ जून १६७४, तिथे शकावलीत शुक्रवार तर काही पुस्तकांत शनिवार. एका जाड पुस्तकात शिवजन्म थेट १ मार्चला दिलाय. चूक नक्की कोणाची? शिवाय २०२३ च्या जूनमध्ये निम्म्या संदेशांत 'राज्याभिषेकाला ३५० वर्षे पूर्ण' होतं आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच. फळ्यावर चूक गेली की दुपारपर्यंत कोणीतरी खडूनेच खाली दुरुस्ती करतं, म्हणून आधीच विचारतो. तारीख तपासायची पद्धत सांगा. आणि मजकूर किती लिहावा तेही.

शकावली

यात कोणाचीच चूक नाही. फोन आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तसंच मागे खेचत नेतो, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. १९ फेब्रुवारीत १० मिळवा, १ मार्च येतो. आता फोनमध्ये १ मार्च १६३० बघा, शुक्रवार दिसेल. म्हणजे शकावली, १९ फेब्रुवारी आणि तुमचं जाड पुस्तक हे तिघंही एकाच दिवसाबद्दल बोलतायत.

मराठ्यांच्या इतिहासात १७५२ पर्यंतच्या तारखा बहुधा ज्युलियन देतात, कारण सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींची पत्रं त्याच कॅलेंडरची. इंग्लंडने २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं. त्यामुळे एकाच दिवशी गोव्यात लिहिलेल्या पोर्तुगीज कागदावर एक तारीख आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रावर दहा दिवस मागची. १७०० च्या मार्चपासून हे अंतर ११ दिवसांचं होतं. वसईच्या मोहिमेचे (१७३९) दिनविशेष गोळा करताना इथेच घोळ होतो: पोर्तुगीज आणि इंग्रज साधनांतल्या तारखा एका यादीत आल्या की घटनांचा क्रमच उलटतो.

वर्षाचाही एक सापळा आहे. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सिंहगडची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, पण त्या दिवसांतल्या इंग्रजी पत्रावर साल १६६९ किंवा १६६९/७० असं असतं. जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी इंग्रजी तारीख दिसली की आधी साल तपासायचं.

राज्याभिषेकाची गंमत वेगळी. तिथे दोन कारणं एकावर एक बसलीयत. ६ जून ज्युलियन म्हणजे १६ जून ग्रेगोरियन, आणि तो शनिवार. शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, 'तीन घटी रात्र उरली तेव्हा' सिंहासनारोहण असं आहे. घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाआधी साधारण ७२ मिनिटं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पंचांगाने अजून शुक्रवारच होता. इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदललेला, म्हणून शनिवार. द्वादशी शुक्रवारी दिवसाच संपली होती, म्हणून सोहळ्याची तिथी त्रयोदशी.

फळ्यावर रूढ तारीख आणि कंसात तिथी-शक लिहा. स्वतः बदलून १ मार्च लिहायला जाऊ नका, वाचणारे उगाच गोंधळतील.

घटीपळे

वरच्या प्रतिसादाला जोड. वार तपासणं हीच सगळ्यात स्वस्त परीक्षा. जुन्या कागदात तिथी, वार आणि शक तिन्ही असतील तर हे जमतं. १० नोव्हेंबर १६५९, अफजलखानाचा वध, मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवार. १० दिवस मिळवून २० नोव्हेंबर बघा, गुरुवारच येतो. ३ एप्रिल १६८०, शिवाजी महाराजांचं निधन, चैत्र पौर्णिमा, शनिवार. १३ एप्रिल बघा. वार जुळला म्हणजे तारीख शंभर टक्के खरी असं नाही, पण जुळला नाही तर कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. हे एक्सेलमध्ये करायला जाऊ नका, तिथे १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून बसतच नाही.

शकाचं इसवी सन करताना सगळे डोळे मिटून ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ बरोबर. जानेवारी लागला की गुढीपाडव्यापर्यंत ७९. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, चूक. ७९ मिळवले की १६३०. पौषात अर्धा महिना इकडे, अर्धा तिकडे असू शकतो, तिथे तिथी बघूनच ठरवा.

पेशवे दफ्तरातल्या कागदांवर सुहूर सन (तेव्हाची एक वेगळी कालगणना) असतो, तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास बदलतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. म्हणजे ११६१ हे १७६०-६१.

हिंदी संकेतस्थळावरून तिथी उचलताना महिना तपासा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला फाल्गुन वद्य तिकडे चैत्र कृष्ण होतो. शुद्ध पक्षात फरक नाही.

मावळतीकडचा

मग शिवजयंती तारखेने करावी की तिथीने, याचंही एकदा काय ते ठरवून टाका ना!

संपादक

त्या विषयावर दोन धागे आधीच आहेत, दोन्ही कुलूपबंद. इथे फक्त फळ्याबद्दल लिहा.

खडू_डस्टर

तारखांचं वर झालंच आहे. त्याहून जास्त चुका 'आज काय आहे' या शब्दांत असतात. तारीख बरोबर, घटना भलतीच.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. दरवर्षी कुठेतरी 'सी. व्ही. रामन यांची जयंती' लिहिलेलं असतं. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे ला. या दोन नावांची अदलाबदल सरकारी फलकांवरही सापडते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, शनिवारी दुपारी गाडी सुटली, तिला 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे' म्हणा. नुसतं 'पहिली रेल्वे' म्हटलं की मद्रासजवळ १८३७ मध्ये दगड वाहणारी रेड हिल रेल्वे आडवी येते. राजा हरिश्चंद्रचं ३ मे १९१३ ला प्रदर्शन, २१ एप्रिलला निमंत्रितांसाठी खेळ. दोन्ही तारखा खऱ्या, क्रियापद वेगळं.

म्हणून 'आज अमुक दिन' असं नाम लिहून थांबू नका. त्या दिवशी काय झालं त्याचं क्रियापद लिहा: जन्मले, वारले, प्रसिद्ध झाले, अमलात आले, जाहीर झाले. क्रियापद सुचत नसेल तर माहिती अपुरी आहे असं समजा.

आकड्याचं गणित: चालू वर्ष वजा घटनेचं वर्ष, एवढीच वर्षं पूर्ण. २०२३ वजा १६७४ म्हणजे ३४९. म्हणून जून २०२३ ला '३५० व्या वर्षात पदार्पण' आणि जून २०२४ ला '३५० वर्षे पूर्ण'. जयंतीलाही तेच, १६३० चा जन्म असेल तर २०२५ ला ३९५ वी. एक वाढवून लिहायची सवय फार पसरलीय.

मध्यरात्रीच्या घटना जपून. लोकमान्य टिळकांचं निधन मध्यरात्र उलटल्यावर झालं, म्हणून १ ऑगस्ट १९२०. '३१ जुलैच्या रात्री' असं बोलण्यात येतं, त्यावरून कोणी ३१ जुलैला फळा लिहू नये. २९ फेब्रुवारीचे मानकरीही आधी ठरवून ठेवा. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे, आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे त्यांची तारीख पुढे थेट १९०४ ला उगवली. साध्या वर्षी २८ ला लिहायचं की १ मार्चला, एक काय ते ठरवा आणि दरवर्षी तेच पाळा.

परदेशी घटनांना ज्युलियनचं झंगट आहेच. 'ज्या वर्षी गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य फळ्यावर फार शोभतं, पण गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ग्रेगोरियन आणि न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ज्युलियन. एकाच मापात आणलं की न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जातो. रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला का साजरी होते, तेही याच कारणाने; विसाव्या शतकात अंतर १३ दिवसांचं.

आणि हो, 'या फेब्रुवारीत चार रविवार, चार सोमवार, चार मंगळवार... ८२३ वर्षांतून एकदाच!' हा संदेश आला की पुढे ढकलू नका. २८ दिवसांच्या प्रत्येक फेब्रुवारीत सगळे वार चार-चारच येतात. अठ्ठावीसला सातने भागा.

मजकुरासाठी: चार फुटी फळ्यावर ४५ ते ६० शब्द, त्याहून जास्त कोणी उभं राहून वाचत नाही. अक्षर दीड ते दोन इंच, आणि दोन ओळींत तेवढीच जागा मोकळी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात. पहिल्या ओळीत तारीख-वार, दुसरीत घटना, मग दोन-तीन वाक्यं. खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून ओला असतानाच लिहिलं तर वाळल्यावर अक्षर ठसठशीत दिसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीला पुसलं जात नाही. मात्र दुसऱ्या दिवशी डस्टरने निघत नाही, ओलं फडकं लागतं. रंगवलेल्या लाकडी फळ्यावर आधी कोपऱ्यात करून बघा.

कविता अख्खी लिहून गटावर फिरवू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क असतात. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. त्यांच्याबद्दल लिहायला कोणाची हरकत नाही.

दारातला_फळा

सगळ्यांचे आभार. १४ जानेवारीचा मजकूर असा केलाय, बघा:

'आज मकर संक्रांत. १७६१ साली याच संक्रांतीच्या दिवशी पानिपतची तिसरी लढाई झाली व मराठेशाहीवर खरोखरच संक्रांत कोसळली. लाखो वीर धारातीर्थी पडले. विनम्र अभिवादन!'

घटीपळे

वाक्य खटकेबाज आहे, पण पहिलाच धागा तुटतो. १७६१ ची मकर संक्रांत १४ जानेवारीला नव्हती, चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत नक्षत्रांशी बांधलेली आहे आणि इंग्रजी वर्ष ऋतूंशी, त्यामुळे साधारण ७० वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. ताळा करायचा तर स्वामी विवेकानंदांचा जन्म घ्या: १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला असणार कशी? आता तर मधूनमधून १५ ला येते, तेव्हा 'आज मकर संक्रांत' हेही त्या वर्षीचं पंचांग बघूनच लिहा.

१७६१ ही तारीख १७५२ नंतरची, तेव्हा इथे दिवस मिळवायचे नाहीत. फोनमध्ये सरळ बघा, बुधवार येईल.

खडू_डस्टर

'लाखो' काढा. मृतांच्या आकड्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि फळ्यावर 'सुमारे' लिहूनही वाद थांबत नाही. 'विनम्र अभिवादन' दर आठवड्याला तीनदा येतं, ते गाळलं की अख्खी एक ओळ मिळते. असं चालेल:

'१४ जानेवारी १७६१, बुधवार (पौष शुद्ध ८, शके १६८२). पानिपतच्या तिसऱ्या लढाईत अहमदशहा अब्दालीच्या फौजेने मराठ्यांचा पराभव केला. सेनापती सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव मारले गेले. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पुण्यात पर्वतीवर वारले. पानिपत आजच्या हरियाणात, दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे.'

दारातला_फळा

हे घेतो. संक्रांत आणि पानिपतचा संबंध का नाही, ते दोन वाक्यांत १५ तारखेला लिहू का? १४ ला एवढं मावणार नाही.

घटीपळे

लिहा, पण विवेकानंदांचं उदाहरण १२ जानेवारीलाच टाका. म्हणजे १४ ला कोणी खडू घेऊन 'आज संक्रांत राहिली' असं खाली लिहायला आला, तर त्याचं उत्तर दोन दिवस आधीच फळ्यावर येऊन गेलेलं असेल.